पुढच्या रांगेची तहान

मोठ्या संगीत कार्यक्रमांत मंचाजवळ उभे राहणारे श्रोते तासन्‌तास पाण्यावाचून राहतात. त्यामागची कारणे, शरीरावर होणारे परिणाम आणि उपाय यांचा हा वेध.

ब्राझीलमधील रिओ द जानेरो शहरात, निल्टन सांतोस स्टेडियममध्ये, १७ नोव्हेंबर २०२३ रोजी अमेरिकी गायिका टेलर स्विफ्ट हिचा कार्यक्रम झाला. त्या आठवड्यात शहरात उष्णतेची लाट होती. आर्द्रता जमेस धरून शरीराला जाणवणारे तापमान ५९ अंश सेल्सिअसच्या आसपास नोंदले गेले होते. मंचाजवळची जागा मिळावी म्हणून हजारो चाहते कित्येक तास आधीपासून उन्हात रांगा लावून उभे होते. पाण्याच्या बाटल्या आत नेऊ दिल्या नाहीत, अशी तक्रार नंतर अनेकांनी केली. कार्यक्रम सुरू झाल्यावर थोड्याच वेळात २३ वर्षांची एक विद्यार्थिनी कोसळली आणि रुग्णालयात तिचा मृत्यू झाला. उष्णतेचा अतिरेक हेच त्यामागचे कारण असल्याचे पुढे न्यायवैद्यक तपासणीत आढळले. त्या रात्री सुमारे एक हजार प्रेक्षकांना भोवळ आल्याचे स्थानिक अग्निशमन दलाने सांगितले. खुद्द गायिकेने कार्यक्रम थांबवून पुढच्या प्रेक्षकांपर्यंत पाणी पोहोचविण्याची विनंती केली, ती चित्रफीत जगभर पाहिली गेली.

या घटनेकडे दूरदेशीची दुर्घटना म्हणून पाहता येणार नाही. २००७ मध्ये गोव्यात सुरू झालेला 'सनबर्न', २०१० मध्ये पुण्यात सुरू झालेला 'एनएच सेव्हन वीकेंडर', २०२३ मध्ये मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर आलेला 'लोलापालूझा' आणि जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर झालेले 'कोल्डप्ले'चे तीन कार्यक्रम यांमुळे उभ्याने, दाटीवाटीत आणि दिवसभर प्रतीक्षा करून संगीत ऐकण्याची पद्धत आपल्याकडेही रुळली आहे. तिकीट, प्रवास, वेशभूषा यांची आखणी महिनोन्‌महिने करणारी तरुण मंडळी पाण्याचा विचार मात्र फारशी करीत नाहीत. 'तहान लागली तर आत बाटली घेऊ' एवढेच त्यांचे नियोजन असते. परंतु मंचापुढच्या गर्दीत एकदा शिरल्यावर ती बाटली हाती येणेच सर्वांत कठीण असते. म्हणूनच पुढच्या रांगेतील पाण्याचा प्रश्न प्रत्यक्षात पुढच्या रांगेत सुटत नाही. तो तेथे पोहोचण्यापूर्वी प्रेक्षकाने आणि त्याहूनही आधी आयोजकाने सोडवावा लागतो.

गर्दी स्वतःच एक भट्टी

शांत बसलेल्या प्रौढ माणसाचे शरीर साधारण १०० वॅट इतकी उष्णता सतत बाहेर टाकत असते. जुन्या पद्धतीच्या विजेच्या एका दिव्याएवढी ही उष्णता होय. तोच माणूस उड्या मारू लागला, नाचू लागला, की हे प्रमाण तीन ते चार पटींनी वाढते. मोकळ्या जागेत ही उष्णता वाऱ्याबरोबर निघून जाते आणि आसपासच्या थंड वस्तूंकडेही उत्सर्जित होते. मंचाजवळच्या दाटीत मात्र प्रत्येकाच्या चारही बाजूंना दुसरी उष्ण शरीरे उभी असतात. वारा आत शिरत नाही, एकाच्या शरीरातील उष्णता दुसऱ्याकडे जाते आणि दुसऱ्याची पहिल्याकडे येते. स्टेडियमच्या मागच्या बाजूला सुखद गारवा असताना मंचापुढे घामाच्या धारा लागतात, त्याचे कारण हेच.

अशा वेळी शरीराजवळ एकच प्रभावी साधन उरते, ते म्हणजे घाम. एक लिटर घामाचे पूर्ण बाष्पीभवन झाले तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता शरीरातून निघून जाते. नाचणाऱ्या माणसाने ४०० वॅट उष्णता निर्माण केली, असे धरले तर ती केवळ घामावाटे घालविण्यासाठी तासाला सुमारे ६०० मिलिलिटर घामाचे बाष्पीभवन व्हावे लागेल. यातील 'बाष्पीभवन' हा शब्द महत्त्वाचा. नुसता ओघळून जमिनीवर पडलेला घाम शरीराला थंड करीत नाही. मुंबई, गोवा किंवा रिओ यांसारख्या समुद्रकाठच्या शहरांत हवा आधीच बाष्पाने भरलेली असते. त्यात गर्दीच्या श्वासांची आणि घामाची भर पडते. परिणामी घाम वाळत नाही, शरीर आणखी घाम गाळते आणि पाणी व क्षार गमावूनही पुरेसा थंडावा मिळत नाही.

साठ किलो वजनाच्या व्यक्तीने शरीरातील सव्वा लिटर पाणी गमावले, की तिचे वजन सुमारे दोन टक्क्यांनी घटलेले असते. या टप्प्यावर थकवा, डोकेदुखी आणि चिडचिड जाणवू लागते, हृदयाचे ठोके वाढतात. रांगेतील चार तास आणि कार्यक्रमाचे तीन तास, अशा सात तासांत ताशी केवळ ३०० मिलिलिटर घाम गेला तरी हा आकडा दोन लिटरच्या पुढे जातो. आपल्याकडे बहुतेक मोठे कार्यक्रम नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात होतात. 'थंडीत काय होणार' या समजापोटी पाणी आणखी कमी प्यायले जाते. वास्तविक प्रवेश दुपारच्या उन्हात सुरू होतो आणि मंचापुढची दाटी डिसेंबरातही दाटीच असते.

भोवळ येते ती केवळ तहानेने नव्हे

पुढच्या रांगांतील मुले-मुली का कोसळतात, याचा एक उद्बोधक अभ्यास जर्मनीत झाला. बर्लिनमध्ये 'न्यू किड्स ऑन द ब्लॉक' या त्या काळच्या लोकप्रिय गायकवृंदाच्या कार्यक्रमात सुमारे ४०० जणांना भोवळ येऊन प्रथमोपचार घ्यावे लागले. तेथे उपस्थित असलेल्या डॉक्टरांनी त्यांतील ४० जणींशी बोलून कारणांचा शोध घेतला. हा अभ्यास 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या नियतकालिकात १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. उन्माद किंवा भावनातिरेक एवढेच उत्तर त्यातून मिळाले नाही. आदल्या रात्रीचे जागरण, रिकामे पोट, तासन्‌तास उभे राहणे, मागून येणारा गर्दीचा रेटा आणि सतत किंचाळणे अशा अनेक गोष्टींची साखळी त्यामागे होती. विशेष म्हणजे त्या ४० पैकी १६ जणींचीच शुद्ध पूर्णपणे हरपली होती. इतरांना गरगरणे, घाबरणे, जोरजोराने श्वास घेणे असे त्रास झाले होते.

यामागील शरीरशास्त्र समजून घेण्याजोगे आहे. आपण उभे राहतो तेव्हा गुरुत्वाकर्षणामुळे अर्धा लिटर किंवा त्याहून अधिक रक्त पाय आणि पोटाच्या शिरांत उतरते. चालताना पोटऱ्यांचे स्नायू आकुंचन पावून ते वर ढकलतात. एकाच जागी खिळून उभे राहिले, की हा पंप थांबतो. त्यातच उकाड्यामुळे त्वचेतील रक्तवाहिन्या प्रसरण पावतात आणि बरेच रक्त तिकडे वळते. घामामुळे रक्तातील द्रवभाग कमी झालेला असतो. जोराने किंचाळताना छातीतील दाब वाढतो आणि हृदयाकडे परतणारे रक्त क्षणभर घटते. रिकाम्या पोटी, झोपेविना आलेल्या शरीरावर हे सारे एकदम येऊन आदळले, की मेंदूला होणारा रक्तपुरवठा कमी पडतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते.

पुण्याच्या सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवात भारतीय बैठकीवर बसलेला रसिकही तासन्‌तास गाणे ऐकतो. पण तो बसलेला असतो, मध्ये उठून चहा घेऊ शकतो आणि परतल्यावर त्याची जागा बहुधा शाबूत असते. फरक संगीताच्या प्रकारात नसून शरीराची स्थिती आणि बाहेर पडण्याची मुभा यांत आहे.

भोवळ आलेल्या माणसावरचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे त्याला आडवे होऊ देणे. आडवे होताच मेंदूला रक्त मिळते आणि बहुतेक वेळा काही क्षणांत शुद्ध येते. दाट गर्दीत मात्र बेशुद्ध व्यक्ती अनेकदा खाली पडतच नाही. इतरांच्या आधाराने ती उभीच राहते. किंवा पडली तर पायदळी येण्याचा धोका असतो. एरवी किरकोळ ठरणारी भोवळ पुढच्या रांगेत गंभीर का होऊ शकते, हे यावरून ध्यानात येईल.

पाणी टाळले जाते, ते का?

पुढच्या रांगेतील बहुसंख्य प्रेक्षकांना पाण्याचे महत्त्व ठाऊक नसते असे नव्हे. ते जाणूनबुजून पाणी टाळतात. कारण पाणी प्यायले की स्वच्छतागृहात जावे लागेल, आणि गेलो की सकाळपासून राखलेली जागा जाईल, हा हिशेब असतो. महिलांच्या बाबतीत हा हिशेब अधिकच कठोर होतो. त्यांच्या स्वच्छतागृहांपुढील रांगा लांब असतात, ती अस्वच्छ असतील ही धास्ती असते आणि अंधारात गर्दीतून ये-जा करण्याची भीतीही असते. परदेशात काही चाहत्यांनी जागा सुटू नये म्हणून प्रौढांचे डायपर वापरल्याच्या बातम्या २०२३ मध्ये झळकल्या होत्या. हसण्यावारी नेण्यासारखी ही गोष्ट नाही. पाणी पिणे आणि जागा टिकविणे यांपैकी एकाचीच निवड करा, असे व्यवस्था सांगू लागली, की माणसे जागा निवडतात, एवढाच तिचा अर्थ.

दुसरे कारण आर्थिक आहे. बाहेरची बाटली आत नेण्यास मज्जाव आणि आत चढ्या दराने विक्री, हा अनुभव अनेकांच्या परिचयाचा आहे. तिसरे कारण म्हणजे पाण्याऐवजी बिअर किंवा कॅफिनयुक्त 'एनर्जी ड्रिंक' घेणे. मद्यामुळे मूत्रावरोधक संप्रेरकाचे कार्य मंदावते आणि शरीर एरवीपेक्षा अधिक पाणी बाहेर टाकते. शिवाय रक्तवाहिन्या सैल पडून भोवळीला आमंत्रण मिळते आणि धोक्याची जाणीवही बोथट होते.

किती, केव्हा आणि काय प्यावे?

पाण्याची तयारी कार्यक्रमाच्या दिवशी सकाळीच सुरू व्हावी. क्रीडावैद्यकातील प्रचलित मार्गदर्शनानुसार श्रमापूर्वी सुमारे चार तास आधी शरीराच्या दर किलो वजनामागे ५ ते ७ मिलिलिटर द्रव घ्यावा. साठ किलो वजनाच्या व्यक्तीला हे प्रमाण ३०० ते ४२० मिलिलिटर, म्हणजे साधारण दोन पेले इतके होते. चार तासांच्या अवधीमुळे जादा पाणी मूत्रावाटे निघून जाते आणि प्रवेशापूर्वी स्वच्छतागृहात जाऊन येता येते. जागा सुटण्याच्या भीतीवरही हाच उत्तम तोडगा होय. मूत्राचा रंग फिकट पिवळा असला तर शरीरात पुरेसे पाणी आहे, असे समजावे. गडद पिवळा असल्यास आणखी प्यावे.

दुसरा टप्पा मंचाजवळच्या विभागात शिरण्याच्या सुमारास येतो. रक्तदानापूर्वी दात्याला सुमारे अर्धा लिटर पाणी प्यायला दिल्यास भोवळ येण्याचे प्रमाण घटते, असे अभ्यासांत दिसून आले आहे. पाणी पोटात गेल्यावर काही मिनिटांतच रक्तवाहिन्या किंचित आकुंचन पावतात आणि उभे राहण्याची शक्ती तासाभरासाठी वाढते. तेव्हा कार्यक्रम सुरू होण्याच्या थोडे आधी पाणी पिणे विशेष फलदायी ठरते. घाम गाळीत नाचणाऱ्याला हे पाणी लगेच स्वच्छतागृहाकडे धाडील, ही भीतीही बरीचशी अनाठायी आहे. त्यातील मोठा वाटा घामावाटेच जातो.

प्रत्यक्ष कार्यक्रमात एकदम बाटली रिकामी करण्यापेक्षा थोडे थोडे पाणी घेत राहणे उत्तम. उष्ण ठिकाणी काम करणाऱ्या कामगारांसाठी अमेरिकेत दर १५ ते २० मिनिटांनी सुमारे एक कप पाणी, असा सल्ला दिला जातो. संध्याकाळच्या सुखद हवेत एवढ्याची गरज नसते. परंतु मंचापुढच्या दाटीत तहानेची वाट न पाहता दोन-तीन गाण्यांनंतर काही घोट घ्यावेत. उत्तेजनेच्या भरात तहान जाणवत नाही, हेही लक्षात असू द्यावे.

केवळ पाणी पुरे की क्षारही हवेत? दोन-तीन तासांच्या कार्यक्रमासाठी, आधी नीट जेवण झाले असेल तर, साधे पाणी बहुधा पुरते. आपल्या नेहमीच्या पोळी-भाजी, वरण-भात, लोणचे यांतून मीठ मिळतच असते. दिवसभराचा महोत्सव किंवा कडक उन्हातील रांग असेल तर मात्र मीठ घातलेले ताक, लिंबू सरबत किंवा कोकम सरबत यांचा उपयोग होतो. शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर असते, पण घामावाटे प्रामुख्याने जाणारे सोडियम तुलनेने कमी असते. तेव्हा त्याच्या जोडीला काही खारट खावे.

खूप घाम गेल्यावर किंवा जुलाब-उलट्या झालेल्या असल्यास जलसंजीवनी, अर्थात ओआरएस, हा भरवशाचा पर्याय आहे. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाच्या द्रावणाने कॉलऱ्याच्या असंख्य रुग्णांचे प्राण वाचविले. आतड्यात ग्लुकोजच्या सोबतीने सोडियम शोषले जाते आणि त्यापाठोपाठ पाणीही, हे त्यामागचे तत्त्व. जागतिक आरोग्य संघटनेच्या सध्याच्या सूत्रात एक लिटर पाण्यासाठी २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट असते. बाजारात मिळणारी अनेक गोड पेये हे प्रमाण पाळीत नाहीत. या सूत्राशी न जुळणाऱ्या पेयांच्या नावात 'ओआरएस' हा शब्द वापरण्यास भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली, ती याच कारणाने. म्हणून वेष्टन वाचूनच खरेदी करावी आणि पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणातच पाणी घालावे.

मधुमेह, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचे विकार असलेल्यांनी, तसेच रक्तदाबासाठी मूत्रल औषधे घेणाऱ्यांनी पाणी व मिठाचे प्रमाण आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

अतिरेक येथेही वर्ज्य

पाणी जितके अधिक तितके चांगले, हा समजही घातक आहे. मूत्रपिंडे तासाला साधारण ८०० मिलिलिटर ते एक लिटर पाणीच बाहेर टाकू शकतात. त्याहून बरेच अधिक पाणी सातत्याने प्यायल्यास रक्तातील सोडियमचे प्रमाण घसरते, मेंदूला सूज येते आणि प्रसंगी मृत्यूही ओढवतो. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमधील ४८८ धावपटूंच्या रक्ताची तपासणी केली असता १३ टक्के जणांत सोडियम कमी आढळले. शर्यतीच्या काळात ज्यांचे वजन घटण्याऐवजी वाढले होते, म्हणजे ज्यांनी गमावल्यापेक्षा अधिक द्रव घेतला होता, त्यांच्यात हा धोका ठळक होता.

नृत्यसंगीताच्या काही कार्यक्रमांत चोरट्या मार्गाने येणाऱ्या 'एक्स्टसी' या अमली पदार्थाने हा धोका दुहेरी होतो. तो शरीराचे तापमान वाढवतो आणि त्याच वेळी मूत्रावरोधक संप्रेरक वाढवून पाणी शरीरात अडकवून ठेवतो. त्यामुळे तो घेणाऱ्याला पाण्याचा अभाव आणि पाण्याचा अतिरेक, दोन्ही जीवघेणे ठरू शकतात. 'भरपूर पाणी प्या म्हणजे काही होत नाही' हा त्या वर्तुळांत फिरणारा सल्ला सर्वथा चुकीचा आहे.

धोक्याच्या खुणा ओळखा

तोंडाला कोरड, डोकेदुखी, मळमळ, पायात गोळे, गरगरणे आणि चेहरा पांढराफटक पडणे ही पहिली पायरी होय. या टप्प्यावर पायांची बोटे उचलणे, पोटऱ्या आवळणे, पाय एकमेकांत अडकवून मांड्या घट्ट दाबणे किंवा हातांच्या मुठी आवळणे यामुळे रक्तदाब काही काळ सावरतो. त्या वेळात शेजाऱ्याला सांगून बाहेर पडावे. मंचापुढच्या कठड्याजवळ असाल तर सुरक्षारक्षकाला हाताने खूण करावी. प्रेक्षकाला कठड्यावरून उचलून पलीकडे घेण्याचे काम ते नेहमीच करीत असतात. जागा गेल्याची खंत नंतर करता येते.

बोलण्यात असंबद्धता, गोंधळलेले वर्तन, तोल जाणे आणि शरीर अतिशय तापणे ही उष्माघाताची लक्षणे आहेत. शरीराचे आतील तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर गेल्याचा हा इशारा असतो. घाम येत असला तरी उष्माघात असू शकतो. अशा व्यक्तीला सावलीत किंवा मोकळ्या हवेत आणून अंगावर थंड पाणी ओतणे, ओल्या कपड्याने पुसणे आणि वारा घालणे हे सर्वांत तातडीचे काम. महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी, मात्र ती येईपर्यंत थंड करण्याचे काम थांबवू नये. शुद्धीवर नसलेल्या व्यक्तीच्या तोंडात पाणी घालू नये, ते श्वासनलिकेत जाऊ शकते.

आणखी एक भेद महत्त्वाचा आहे. छाती दाबली जाऊन श्वास घेणे कठीण होत असेल, हात वर उचलता येत नसतील, गर्दी लाटेसारखी हेलकावत असेल, तर ती तहान नव्हे. प्रत्येक चौरस मीटरमध्ये पाच-सहांहून अधिक माणसे दाटली की अशी स्थिती उद्भवते. अमेरिकेत ह्यूस्टन येथील 'अ‍ॅस्ट्रोवर्ल्ड' महोत्सवात ५ नोव्हेंबर २०२१ रोजी दहा जण दगावले, ते गर्दीच्या दाबाने गुदमरून. तेथे पाण्याची बाटली कामी येत नाही. वेळीच कडेला सरकणे एवढाच मार्ग असतो.

आयोजकांचे दायित्व

प्रेक्षकाने कितीही काळजी घेतली तरी पाणी उपलब्ध करून देणे हे अखेर व्यवस्थेचे काम आहे. तिने हात झटकले तर काय होते, याचा धडा जुलै १९९९ मधील 'वुडस्टॉक ९९' या महोत्सवाने दिला. न्यूयॉर्क राज्यातील रोम येथे, वापरातून गेलेल्या हवाई तळावरील तापलेल्या डांबरी धावपट्ट्यांवर, पारा ३८ अंशांच्या आसपास असताना लाखोंचा समुदाय जमला होता. सोबत आणलेले पाणी काढून घेतले जात होते, आत एका बाटलीला चार डॉलर पडत होते आणि मोफत पाण्याच्या नळांपुढे न संपणाऱ्या रांगा होत्या. मंचापुढच्या गर्दीत कोसळलेल्या २४ वर्षांच्या एका तरुणाचा उष्माघाताने मृत्यू झाला. चोवीस वर्षांनी रिओमध्ये जणू त्याच चुकांची उजळणी झाली. तेथील दुर्घटनेच्या दुसऱ्याच दिवशी ब्राझील सरकारने कार्यक्रमस्थळी पाण्याच्या बाटल्या नेऊ देण्याचे आणि मोफत पाणी पुरविण्याचे आदेश दिले. त्या दिवशीचा कार्यक्रमही पुढे ढकलण्यात आला. जे एका मृत्यूनंतर चोवीस तासांत शक्य झाले, ते आदल्या दिवशीही शक्य होते.

चांगली उदाहरणेही आहेत. इंग्लंड आणि वेल्समध्ये मद्यविक्रीचा परवाना असलेल्या ठिकाणी ग्राहकाने मागितल्यास नळाचे पिण्याचे पाणी मोफत देणे ही २०१० पासून परवान्याची सक्तीची अट आहे. ग्लास्टनबरी महोत्सवाने २०१९ मध्ये एकदा वापरून फेकण्याच्या प्लास्टिक बाटल्यांतील पाण्याची विक्री बंद केली. तेथे शेकडो नळांवर लोक आपापल्या बाटल्या भरून घेतात. अनेक ठिकाणी मंच आणि कठडा यांमधील मोकळ्या पट्ट्यातून कर्मचारी पुढच्या रांगांना पेल्यांतून पाणी वाटत फिरतात. फेकून मारली जाईल म्हणून बाटलीला मनाई करणे समजण्याजोगे आहे. पण मग कागदी पेल्याची सोय करणे ओघानेच येते.

महाराष्ट्राला या विषयाची ओळख संगीताच्या नव्हे, तर वेगळ्याच प्रसंगातून झाली आहे. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघर येथे महाराष्ट्र भूषण पुरस्कार प्रदान सोहळ्यासाठी लाखोंचा समुदाय उघड्या मैदानात उन्हात बसला होता. त्यात उष्माघाताने १४ जणांचे प्राण गेले. त्यानंतर उन्हाचा ताप ओसरेपर्यंत दुपारी १२ ते ५ या वेळेत खुल्या मैदानात कार्यक्रम न घेण्याचा निर्णय राज्य सरकारने घेतला. चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर ६ ऑक्टोबर २०२४ रोजी हवाई दलाच्या प्रात्यक्षिकांना लोटलेल्या गर्दीतही पाच जण दगावले. श्रद्धा असो, कुतूहल असो वा संगीताचे वेड, उन्हात आणि गर्दीत उभ्या राहिलेल्या शरीराचे गणित बदलत नाही.

राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने गर्दीच्या व्यवस्थापनाविषयी २०१४ मध्येच मार्गदर्शक पुस्तिका प्रसिद्ध केली आहे. मोठ्या कार्यक्रमाला परवानगी देताना अग्निशमन यंत्रे आणि बाहेर पडण्याचे मार्ग जसे तपासले जातात, तसेच मोफत पाण्याचे नळ किती, ते मंचापासून किती अंतरावर, कठड्याजवळ पाणी कोण वाटणार, महिलांसाठी स्वच्छतागृहे किती आणि प्रवेशाच्या रांगेवर सावली आहे काय, हेही तपासले गेले पाहिजे. तात्पुरते बाहेर पडून पुन्हा त्याच विभागात परतण्याची सोय, उदाहरणार्थ हातातील पट्टीवरची खूण, एवढी साधी व्यवस्था केली तरी जागेच्या भीतीने पाणी टाळणाऱ्या कित्येकांची कोंडी सुटेल. पाणी ही विक्रीची वस्तू किंवा सौजन्याची बाब नसून सुरक्षाव्यवस्थेचा भाग आहे, हे एकदा मान्य झाले, की उरलेला खर्च फार मोठा नाही.

आवडत्या कलावंताला डोळे भरून जवळून पाहण्याची ओढ स्वाभाविक आहे आणि ती असावीच. पण अखेरच्या गाण्यापर्यंत शुद्धीवर राहून ते ऐकता यावे, यासाठी आदल्या रात्रीची झोप, दुपारचे जेवण आणि वेळच्या वेळी घेतलेले पाण्याचे घोट यांना पर्याय नाही.

थोडक्यात

• आदल्या रात्री पुरेशी झोप घ्या. उपाशीपोटी रांगेत उभे राहू नका.

• चार तास आधी दोन पेले पाणी प्या, प्रवेशापूर्वी स्वच्छतागृहात जाऊन या आणि कार्यक्रम सुरू होण्याच्या थोडे आधी पुन्हा पाणी घ्या.

• बाटलीविषयीचे नियम तिकिटासोबतच्या सूचनांत आधीच वाचा. रिकामी बाटली चालत असेल तर ती आत भरून घ्या.

• रांगेत असताना शक्य तितके बसा. उभे असताना पाय हलवीत राहा, टाचा उचला.

• गटातील प्रत्येकाने दुसऱ्या एकाकडे लक्ष ठेवावे आणि चुकामूक झाल्यास भेटण्याची जागा आधी ठरवावी.

• गरगरू लागताच बाहेर पडा. छातीवर दाब जाणवत असेल तर गाणे संपण्याचीही वाट पाहू नका.